एकवीसशे साठ स्क्रू

३० मार्च, पाडवा. सकाळी ८.

आजपासून डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, मागच्या वर्षीची, पण एक पानही कुणी लिहिलेलं नाही. छापलेले वार एका दिवसाने मागे आहेत. आज रविवार, डायरी म्हणते शनिवार. वार म्हणजे किरकोळ बाब. माणूस तारखेवर चालतो.

नव्या वर्षाचे संकल्प तीन. एक, हातातलं काम सोडायचं नाही. दोन, मारामारी बंद. तिसरा नंतर लिहितो, चहा आलाय.

८.४०. चहा झाला. शिवकन्या, म्हणजे माझी बायको, संक्रांतीला अंबाजोगाईला भावाकडे गेली ती आलीच नाही. कारण काय, तर मी सहा वर्षांत अकरा कामं धरली आणि अकरा सोडली. पुणे, सुरत, हैदराबाद, मध्ये एक महिना वापी. मी याला अनुभव म्हणतो. मागच्या महिन्यात तिला आणायला गेलतो. दारातच तिचा भाऊ अभिमन्यू. फॅब्रिकेशनचं काम करतो, पंजा भाकरीच्या तव्याएवढा. म्हणाला, दाजी, गॉगल काढून ठेवा. मी काढला. मग त्याने माझ्या कानाखाली एक ठेवून दिली, गॉगल शर्टाला पुसला आणि परत माझ्या हातात दिला. मारतानासुद्धा अहो-जाहो. घरचे संस्कार चांगले आहेत.

शिवकन्या आतूनच बोलली. एक काम धरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा, शेवटचा स्क्रू बसला की मी त्या दिवशी येते. नसता हितं येऊ नका, दादाचा हात दुखतो.

तर काम धरलंय. मांजरसुंब्याच्या चौकाजवळ परळीचे गुंडप्पाशेठ मंगल कार्यालय बांधतायत. भिंती झाल्या, खांब झाले, वर आभाळ. छपराचा सुपरवायझर मी. पुण्याला मॉलच्या छपराचं काम केलंय असं शेठना सांगितलं. खोटं नाही. चार दिवस त्या छपरावर पिण्याचं पाणी मीच पोचवलं. लोखंडाचं काम शेठनी नेमकं अभिमन्यूला दिलं. म्हणजे आता तो माझ्या हाताखाली.

पहिलं लग्न शेठच्याच पोरीचं, कावेरीचं. ३० एप्रिल, अक्षय तृतीया, त्याच दिवशी बसव जयंती. तारीख हलणार नाही.

दुपारी १२.

टाइमलाइन तयार. चार रंगांचे स्केचपेन. लाल रंग: कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी लोखंडी सांगाडे, अकरा नग, १० तारखेपर्यंत वर. निळा: पत्रे येणार १२ एप्रिल, शुक्रवार. हिरवा: पत्रे बसवणे १३ ते १७. केशरी: १८ तारखेला शिवकन्येला आणणे. बारा दिवस शिल्लक राहतात. गोव्याचा विचार.

अभिमन्यूला दाखवली. त्याने चारही रंगांवरून बोट फिरवलं. मग विचारतो, दाजी, एका पत्र्याला स्क्रू किती? मी म्हणालो, लागतील तेवढे. म्हणे, तीस लागतेत. पत्रे बहात्तर. एकवीसशे साठ स्क्रू. ते ह्याच्यात कोणत्या रंगात हायत? मी म्हणालो, टाइमलाइनमध्ये इतकं बारीक घेत नसतात. त्यावर त्याने माझी मान धरून खांबावर दोनदा आपटली. खांब मजबूत आहेत. तशी नोंद केली.

२ एप्रिल. सकाळी ७.

पत्र्यांची ऑर्डर द्यायला परळीला निघालो. संध्याकाळच्या आत परत.

४ एप्रिल. दुपार.

परत आलो. परळीला स्टेशनवर गाडी उभी होती. डबे नवीन दिसले म्हणून आत चढून पाहिलं. गाडी सुटली. जागेवरून चौघांशी विचारविनिमय झाला. त्यांनी मला गंगाखेडला उतरवलं, गाडी पूर्ण थांबायच्या आधी. शर्टाची डावी बाही गाडीतच राहिली, ती परभणीपर्यंत गेली असणार. गंगाखेडला आलोच आहे तर गोदावरीत बुडी मारली. मग एक ओळखीचा भेटला. मग दुसरा दिवस उजाडला.

संकल्प मोडलेला नाही. मी कुणालाही मारलं नाही.

ऑर्डर गंगाखेडहून फोनवर दिली. बारा एप्रिल, शुक्रवार, सकाळी. समोरचा म्हणाला, भाऊ, शुक्रवार अकराला येतोय. मी म्हणालो, डायरी माझ्यापुढं उघडी आहे, तुम्ही मला शिकवू नका. बारा म्हणजे बारा.

शिवकन्येचा फोन. एकच प्रश्न, कुठवर आलं? मी म्हणालो, नियोजन शंभर टक्के. ती म्हणाली, लोखंड किती टक्के? मग नेटवर्क गेलं. खरं म्हणजे मी घालवलं.

७ एप्रिल.

कामाला वेग. हायड्रा, म्हणजे कैच्या उचलायची क्रेन, आली. चालवणारा हरिओम. मिशीला पीळ, तोंडात तंबाखू, बोलत नाही, थुंकतो. आज चार कैच्या वर. अभिमन्यू चोवीस फुटांवर बसून वेल्डिंग मारतो आणि ठिणग्या बरोबर मी उभा असतो तिथे पडतात. मी जागा बदलली. ठिणग्यांनीही बदलली.

८ एप्रिल. सकाळी ११.

सात कैच्या वर. उरल्या चार. टाइमलाइनच्या दोन दिवस पुढे. हरिओम शेवभाजी खायला ढाब्यावर गेला आहे. हायड्राची केबिन उघडी आहे. सुपरवायझरला मशीनची माहिती हवी.

८ एप्रिल. दुपारी ३. ढाब्याच्या मागच्या बाजूने लिहितोय.

दांडी एकच ओढली. हूक इतका जोरात फिरतो हे कुणी सांगितलं नव्हतं. हरिओमची मोटारसायकल भिंतीला टेकून होती, आता भिंतीत आहे. हरिओम पाना घेऊन आला. हातभर लांबीचा पाना. तो पहिल्यांदाच बोलला. काय बोलला ते डायरीत लिहिण्यासारखं नाही, आईपासून सुरुवात होती. चौकाला तीन फेऱ्या झाल्या. बसस्टॉपवरची माणसं बाकावर उभी राहून बघत होती, एकाने तर पैज लावली. चौथ्या फेरीला पाना पाठीत बसला. आवाज चांगला आला.

संध्याकाळी ६. हरिओम हायड्रा घेऊन निघून गेला. अभिमन्यू वरून उतरला. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, घडी घातली. म्हणाला, दाजी, तिकडच्या कोपऱ्यात या, माणसं बघतेत. सविस्तर चर्चा झाली. डावा डोळा बंद.

उरलेल्या चार कैच्या आता हाताने चेन-पुलीवर चढवायच्या. एका कैचीला तीन दिवस. टाइमलाइनमध्ये किरकोळ फेरबदल करतो. हिरवा रंग थोडा पुढे सरकवला.

९ एप्रिल.

पाठ सुजली. विश्रांती घ्यावी म्हणून शेजारच्या गावच्या जत्रेत एक तास गेलो. कुस्त्या चालू होत्या. नारळाच्या कुस्तीला माणूस कमी पडत होता. समोर पन्नाशीचा एक म्हातारा, धोतर खोचलेला. मला दया आली.

१० एप्रिल.

मान वळत नाही. म्हाताऱ्याने मला दोनदा उचलून आपटलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती, कुस्ती संपली होती. नारळ त्याने फोडून वाटला, मलाही खोबरं दिलं. माणूस मनाने वाईट नाही.

साईटवर गेलो नाही. एका डोळ्याने आणि एका दिशेने सुपरविजन होत नसतं.

१२ एप्रिल. सकाळी ९.

पत्र्यांचा ट्रक ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेला गेटवर. माझ्या टाइमलाइनमधली निळी रेघ अचूक. शेठना फोन केला, या, बघा.

१२ एप्रिल. दुपारी २.

आज शनिवार आहे.

शेठ आले ते कपाळावर भस्म, हातात काळी छत्री. ट्रक बघितला आणि गेटमध्ये आडवे उभे राहिले. म्हणाले, शनिवारी लोखंड? माझ्या पोरीच्या मांडवात शनिवारचं लोखंड घुसवितो का रे? मी म्हणालो, शेठ, डायरीत शुक्रवार आहे. त्यांनी डायरी हातात घेतली, वरचं साल वाचलं, शांतपणे मिटली. मग छत्रीही मिटली. मिटलेल्या छत्रीचे फटके उघड्या छत्रीपेक्षा जास्त लागतात, टोकाला लोखंड असतं. शनिवारचं लोखंड माझ्या बरगडीत चाललं, गेटमध्ये चाललं नाही. हे मी बोलून दाखवलं. मग आणखी तीन.

ड्रायव्हर म्हणाला, मला आजच सोलापूर गाठायचं हाय, तुमचा शनी तुमच्यापाशी ठेवा. शेठ हटेनात. त्याने बहात्तर पत्रे गेटच्या बाहेर, हायवेच्या कडेला, दाणदाण उतरवले. बत्तीस फुटी पत्रा पडतो तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. बहात्तर वेळा ऐकला. एक ढाबेवाल्याच्या कुंपणावर पडला, त्याने मला झारा फेकून मारला. झारा गरम होता.

शिवकन्येला कळवलं, पत्रे वेळेवर पोचले. हे खरं आहे.

१६ एप्रिल.

हायड्रा नाही, म्हणून पत्रे हाताने आत. एका पत्र्याला सहा माणसं, तीन दिवस गेले. पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी. सगळ्यांच्या हातांना चिंध्या बांधल्यात, साईट दवाखान्यासारखी दिसते. अभिमन्यू मला रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असा बघतो. मारत नाही. जास्त भीती वाटते.

कावेरी आली होती मैत्रिणींना घेऊन. स्टेज कुठं, रांगोळी कुठं. वर बघून म्हणाली, छप्पर कुठंय? मी टाइमलाइन दाखवली. ती म्हणाली, सुपरवायझरसाहेब, रंग लई सुंदर हायत. पाऊस आला तर हीच डोक्यावर धरू का? मैत्रिणी हसल्या. मुलगी हुशार आहे. कौतुक केलं.

२३ एप्रिल.

अकरावी कैची काल चढली. चेन-पुलीची साखळी एकदा सुटली आणि कैची दहा फूट खाली आली, मी तिथून तीन सेकंद आधी पाणी प्यायला गेलतो. देवाची कृपा. अभिमन्यू म्हणाला, देव घाईत व्हता.

आज त्याने हिशेब मांडला. २६ शनिवार, २७ अमावास्या. शेठ दोन्ही दिवस लोखंडाला हात लावू देणार नाहीत. उरले २४, २५, २८, २९. दोन ड्रिल मशीन, रोज पंधरा पत्रे, चार दिवसांत साठ. स्वयंपाकघराकडचे बारा लग्नानंतर. त्याच्या हिशेबात सगळं बसतं, पण झळाळी नाही.

तेवढ्यात फोन आला. लातूरला त्याने बसवलेलं गेट पडलं, एक माणूस खाली दबला, जिवंत आहे. त्याला जावंच लागलं. जाताना त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. पहिल्यांदाच इतक्या प्रेमाने. म्हणाला, दाजी, ऐका. एक पत्रा चढवायचा, त्याचे तीस स्क्रू मारायचे, मगच दुसरा पत्रा. सैल पत्रा म्हणजे तलवार. मी अठ्ठावीसला सकाळी येतो. एक पत्रा, तीस स्क्रू. म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवलं. खांदे अजून दुखतात.

२४ एप्रिल. दुपारी १.

सकाळपासून सहा पत्रे. ड्रिल किर्रकिर्र करतं, स्क्रू वाकतो, दुसरा घ्यायचा. हे असंच चाललं तर छप्पर अर्धवट दिसेल आणि अर्धवट हा शब्द शिवकन्येला चालत नाही.

१.३०. कल्पना सुचली. अंगावर काटा आला.

आमचं घर इथून चार किलोमीटरवर. वर पत्रे. पत्र्यांवर दगड. वीस वर्षं झाली, एक स्क्रू नाही, एक पत्रा हलला नाही. आमच्या सगळ्या वस्तीवर दगडच आहेत. मग इथे कावून नाही? आधी सगळे पत्रे अंथरायचे, दगड ठेवायचे, छप्पर पूर्ण. स्क्रू काय, लग्नानंतर सावकाश. पुण्यातल्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं कारण त्यांच्याकडे दगड नाहीत.

अभिमन्यूची माणसं कुरकुरली. मी विचारलं, सुपरवायझर कोण? ती म्हणाली, तुमीच, पण मार बी तुमीच खा.

२५ एप्रिल. संध्याकाळी ५.

छप्पर पूर्ण.

बहात्तर पत्रे, निळेशार. दोनशेच्या वर दगड, एकेक पायलीच्या आकाराचा, दोराने वर ओढले. मी स्वतः सगळ्यात वर उभा राहिलो. चौकातल्या गाड्या खेळण्यातल्या वाटल्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या पायाखाली होतं.

फोटो काढला, खालून, दगड दिसणार नाहीत असा. शिवकन्येला पाठवला. तिने लगेच लिहिलं, लई भारी दिसतंय. मग लिहिलं, स्क्रू मारले का सगळे? मी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ अनेक प्रकारे होतो.

तिने लिहिलं, मी एकोणतीसला येते. चारच्या एसटीनं. बॅग घेऊन.

बॅग घेऊन.

२६ एप्रिल. शनिवार (खात्री करून घेतली).

काम बंद. बाप आला. तात्याबा. मेंढरं घेऊन कार्यालयाच्या मागच्या पडीक रानात बसलाय. त्याला मोठ्या अभिमानाने छप्पर दाखवायला नेलं. त्याने मान वर केली. मग म्हणाला, दगुड कावून ठिवलेत? मी म्हणालो, आपल्या घरावर नाहीत का? तो म्हणाला, आपलं घर सात फूट, बुटकं, लिंबाच्या आडोशाला. हे उघड्या माळावर उभं हाय, छाती काढून. आन् आपल्यावरचा दगुड पडला तर आपल्याच टकुऱ्यात पडंल. लोकाच्या लेकीबाळीच्या डोस्क्यावर दगुड टांगून तू निजतो कसा बे?

मी म्हणालो, आबा, तुम्हाला मेंढरांतलं कळतं. त्यावर त्याने काठी घातली, पोटरीवर, जिथे मेंढराला घालतो तिथेच. पिढ्यांमधलं अंतर.

२८ एप्रिल. दुपार.

सकाळी आठला अभिमन्यू आला. वर चढला. मग एक दगड खाली आला, माझ्यापासून हातभर. मग दुसरा. मी धावलो. तो उतरला तेव्हा मी सिमेंटच्या पोत्यांमागे होतो. म्हणाला, दाजी, बाहेर या, पोती फुटतील. आलो. आजची चर्चा सगळ्यात मोठी. वरचा ओठ फाटला, एक दात हलतो. मधून मधून तो थांबत होता, श्वास घेत होता आणि म्हणत होता, माझी बहीण बॅग भरून बसली हो, दाजी, बॅग भरून बसली. हे बोलताना त्याचेच डोळे भरले. मग परत मारायचा.

नंतर तो शेठकडे गेला. म्हणाला, उद्याची हळद हितं नको, छप्पर सैल हाय. शेठ म्हणाले, मुहूर्ताची जागा हलवू? छत्री उचलली गेली. मला विचारलं, काय रे, सैल आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. शिवकन्या उद्या चारला येणार. मी म्हणालो, शेठ, जबाबदारी माझी.

ओठ फाटलेला असताना ब फार अवघड जातो.

२९ एप्रिल. सकाळी १०.

अभिमन्यू काल दुपारपासून थांबलेलाच नाही. दगड काढ, पत्रा सरळ कर, तीस स्क्रू. माणसं दमली, तो दमला नाही. वीस पत्रे पक्के. मी खाली स्क्रू मोजून देतो. मोजताना दोनदा चुकलो, मध्ये एक मोर दिसला.

उकाडा भयंकर. पान हलत नाही. वारा नाही हे माझ्या नियोजनात अनुकूल.

१ मे. सरकारी दवाखाना, अंबाजोगाई. सकाळ.

परवाचं आज लिहितोय.

साडेतीनला हळद चालू झाली. पन्नास-साठ बाया, मध्ये पाटावर कावेरी, पिवळीजर्द. सव्वीस पत्रे पक्के झाले होते, शेचाळीस दगडांवर. चारला दहा कमी होते. मी गेटवर उभा राहून एसटीची वाट बघत होतो, केस ओले करून. मागच्या रानातून बाप पळत आला. सत्तर वर्षांचा माणूस, फेटा सुटलेला. म्हणाला, मेंढरं एकाला एक चिकटली, समद्यांनी ढुंगण पश्चिमेला केलं. बाहेर काढ बायकांला. मी म्हणालो, आबा, पानसुद्धा हलत नाही. त्याने मला बाजूला ढकललं, सरळ हळदीत घुसला आणि काठी फिरवून, हुर्रर्र, हुर्रर्र, साठ बायांना मेंढरांसारखं हाकलत दाराबाहेर काढलं. कुणाच्या पायावर, कुणाच्या पाठीवर, कावेरीलाही एक बसली. बाया किंचाळतायत, शेठ छत्री घेऊन बापाच्या मागे, बाप बायांच्या मागे. शेवटची बाई उंबऱ्याबाहेर पडली आणि लाल धुळीचा खांब हायवे ओलांडून आला.

पहिला पत्रा उठला तो कागदासारखा. मग सगळे. आकाशात निळे पत्रे फिरताना मी बघत होतो, खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. मग दगड आले. हळदीच्या पाटावर, खुर्च्यांवर, शेठच्या गाडीवर. पाटाचे दोन तुकडे झाले. तिथे कावेरी बसली होती. एक दगड माझ्या पायावर पडला, अंगठा मोडला. दगड ओळखला. मीच उचलून ठेवला होता, कडेला पांढरी शीर.

मग एक पत्रा आडवा आला, माणसाच्या गळ्याच्या उंचीने, माझ्याकडे. मी हललो नाही. आयुष्यभर एका जागी थांबलो नाही आणि नेमका तेव्हा थांबलो. अभिमन्यूने शिडीवरून उडी घेतली आणि मला लाथ मारली. ही त्याची एकच लाथ अशी, जिच्याबद्दल मला काही स्पष्टीकरण सुचत नाही. मी खड्ड्यात. पत्रा त्याच्या दंडावरून गेला.

वारा चार मिनिटं होता.

धूळ बसली तेव्हा एसटी उभी होती. शिवकन्या बॅग घेऊन रस्त्याच्या पलीकडे. तिने आधी भावाकडे पाहिलं, ओढणीने दंड बांधला, गाठ दाताने ओढली. मग वर पाहिलं. सव्वीस पत्रे जागच्या जागी, एकही हलला नव्हता, पुढे मोकळं आभाळ. मग माझ्याकडे. म्हणाली, अंगठा पाठवला व्हता तुमी.

दंडाला सोळा टाके.

१ मे. संध्याकाळ.

काल लग्न झालं ते लिहायचं राहिलं. मी दुपारी मांजरसुंब्याला गेलतो, चप्पल तिथेच राहिली होती. आत सोडलं नाही, म्हणून समोरच्या ढाब्यावरून सल्लागाराच्या नात्याने पाहिलं. मांडववाल्याने सकाळच्या चार तासांत कापडी मांडव घातला. बांबू, सुतळी, कापड. त्याच्याकडे टाइमलाइन नव्हती. कावेरीने माझ्यासाठी ताट पाठवलं. आणणारा म्हणाला, ताईंनी सांगितलंय, टाइमलाइनवाल्यांला जेवायला वाढा, त्यांचं तरी वेळेवर होऊ द्या. ढाबेवाला झारा घेऊन जवळच उभा होता. तरी जेवलो.

शेठ रस्ता ओलांडून आले. छत्री मोडलेली होती, वाऱ्यात. म्हणाले, तुझ्या बापानं माझी पोरगी वाचवली, म्हणून पोलिसात देत नाही. मग मोडक्या छत्रीनेच मारलं, पण दम नव्हता.

४ मे. सकाळ.

विचार केला. या भागात माझ्या पद्धतीच्या कामाला वाव नाही. सुरतला एक ओळखीचा आहे. बॅग भरली. स्टॉपवर आलो. बस समोर उभी आहे.

९.३०. बसमध्ये गर्दी होती. गेली.

१०.१५. दुसरी रिकामी होती. पण अंगठा मोडलेल्या माणसाने इतका प्रवास करू नये.

५ मे.

अभिमन्यूने शेठना शब्द दिलाय, छप्पर पूर्ण करून देतो, उडालेले पत्रे ठोकून सरळ करतो, वाया गेलेले नवीन टाकतो. एका हाताने. उजवा गळ्यात अडकवलाय. शिवकन्या रोज त्याच्यासोबत येते, ड्रिल तीच देते, स्क्रू तीच मोजते. चुकत नाही. संध्याकाळी भावाच्या गाडीवर बसून अंबाजोगाईला परत. बॅग तिकडेच.

मी गेटवर जाऊन उभा राहिलो. अभिमन्यू म्हणाला, दाजी, माझा एकच हात चालतो, तुमाला मारायचं का काम करायचं, ठरवावं लागंल. मी म्हणालो, काम करू. तो म्हणाला, मग शिडी धरा.

शिडी धरणे म्हणजे जबाबदारीचं पद. वरच्या माणसाचा जीव आपल्या हातात.

६ मे.

सात तास शिडी धरली. मुंग्या चावल्या. हायवेवर दोन ट्रक एकमेकांवर आदळले, सगळे बघायला धावले. मी गेलो नाही. म्हणजे चार पावलं गेलो. शिडी हलली, वरून पाना आला, डोक्याला तीन टाके. अभिमन्यू वरूनच म्हणाला, माफ करा दाजी, डावा हात हाय, नेम न्हाई. नेम चांगला होता.

शिवकन्येने जखमेवर हळद दाबली, जरा जोरातच. मी विचारलं, घरी कधी येते? ती म्हणाली, किती राहिले? मी म्हणालो, बाराशे साठ. ती म्हणाली, बरोबर. मला आकडा येतो हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

शेवटचा बसला की येशील ना, म्हणालो. ती म्हणाली, बघू.

बघू म्हणजे हो.

१२ मे. सकाळी १०.

उरले सातशे ऐंशी. नवीन टाइमलाइन आखायला घेतलीय, एका हाताने शिडी, एका हाताने स्केचपेन. यावेळी स्क्रूंना स्वतंत्र रंग दिलाय, जांभळा. २० तारखेला शेवटचा स्क्रू, २० लाच शिवकन्या घरी, २१ पासून गोव्याचा विच

अभिमन्यू वरून ओरडला, शिडी हलतीया. इथे फरशी खालीवर आहे, शिडीचा एक पाय अधांतरी राहतो. कालपासून विटेचा तुकडा लावतोय, फुटतो. शिवकन्या वाकून बघतेय. आता माझ्या हाताकडे बघतेय. म्हणते, ती डायरी द्या हिकडं, जाडीला बरोबर बसंल. आन् दोन्ही हातांनी धरा.

देतो.